आईच्या कातडीतले सांधे

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, उन्हाळा लागायच्या आधी, आईच्या तोंडात चट्टे उठले. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि बसस्टँडच्या मागं एक खोली घेऊन राहत होते. आई दौंडला, रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. वडील गँगमन होते. मी मॅट्रिकला असताना ते गेले आणि त्यांच्या जागी आईला गाडीचे डबे धुण्याचं काम मिळालं. त्या कामावर तिनं मला एमएस्सीपर्यंत शिकवलं. दर शनिवारी दुपारची एसटी धरून मी दौंडला जायची.

एका शनिवारी मी गेले तर ती भाकरी दुधात कुस्करून बोटानं तोंडात सारत होती.

"तोंड आलंय," ती म्हणाली. "मिसरी सोडली म्हंजी जाईल."

मिसरी सोडली, चट्टे गेले नाहीत. दवाखान्यातून जांभळं औषध आणून लावलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या. मार्च गेला, एप्रिल गेला. ती वाळत चालली होती आणि मी माझ्याच नादात होते, हे आज कबूल करते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. तिथं संशोधनासाठी मी अर्ज केला होता आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाखतीला बोलावणं आलं होतं.

त्या ओढीचं कारण सांगते. विद्यापीठात असताना एका पुस्तकात मी एक छायाचित्र पाहिलं होतं. कातडीतल्या दोन पेशी शेजारीशेजारी, आणि त्यांच्यामध्ये काळ्या ठिपक्यांच्या जोड्या. एक ठिपका या पेशीच्या काठावर, दुसरा अगदी त्याच्या समोर, शेजारणीच्या काठावर. प्रत्येक ठिपक्यातून बारीक धागे निघून आपापल्या पेशीच्या पोटात शिरलेले. त्याला डेस्मोसोम म्हणतात. आपली कातडी ओढली, घासली, तरी फाटत नाही ती या ठिपक्यांमुळं. मी ते पान इतक्या वेळा उघडलं होतं की पुस्तक आपोआप तिथंच उघडायचं.

कॉलेजात मी हे शिकवत असे. साधा मायक्रोस्कोप, त्यात असलं काही दिसत नाही. म्हणून फळ्यावर काढून दाखवायची. "सेल जंक्शन" म्हटलं की रेल्वे जंक्शनच्या दौंडकडची दोन-तीन मुलं हसायची. मी सांगायची, पेशींचे सांधे तीन तऱ्हेचे. एक इतका घट्ट, की दोन पेशींच्या फटीतून पाणीसुद्धा पाझरत नाही. आतड्याला तो लागतो. दुसऱ्यात शेजारच्या भिंतींना आरपार बारीक नळ्या असतात, त्यांतून एकीचं दुसरीला पोचतं. हृदयाच्या पेशी त्यामुळं एका ठोक्यात आकसतात. आणि तिसरा डेस्मोसोम, म्हणजे झंपराची टिचबटणं. अर्धं या कापडावर, अर्धं त्या कापडावर. मुलींना ते लगेच कळायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दौंडला आले. त्याच महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि मोडला. कॉलनीत पोलीस दिसला की लोक दारं लावून घेत होते. संप संपून कामावर गेलेल्या आईला चौथ्या दिवशी तिथल्या बाईनं घरी आणून सोडलं. पाठीवर, छातीवर, काखेत फोड आले होते. पाण्यानं भरलेले, मऊ, लोंबणारे. बोट लागलं की फुटत आणि खाली लाल ओलं मांस उघडं पडे.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मावशी राहायच्या. सख्ख्या नव्हेत, पण मला लहानपणी त्यांनीच न्हाऊ घातलेलं. त्या दारात आल्या, आईकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरल्या.

"देवी निघाली गं हिला," त्या हळूच म्हणाल्या. "कडुलिंब लाव दाराला."

आई पडल्या पडल्या म्हणाली, "मी बुद्धाची दीक्षा घेतलेली बाई. मला देवी कशी निघंल?"

त्या अवस्थेतही मला हसू आलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या घरात दोन लहान नातवंडं होती.

त्या वर्षी देवीचा रोग देशातून कायमचा घालवायची मोहीम जोरात चालू होती. भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं, रोगी दिसला की कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य खात्याची जीप आली. सुपरवायझर उतरले, तोंडाला रुमाल. त्यांनी दारातूनच आईला पाहिलं, एका माणसानं आत येऊन फोडातलं पाणी बारीक नळीत घेतलं, आणि सुपरवायझर मला म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत दोघींनी बाहेर पडायचं नाही. दारावर पहारा राहील, दिवसरात्र."

"साहेब, ही देवी नाही," मी म्हणाले. "तिला ताप नाही. तळहातावर, तळपायावर एक फोड नाही. देवीचे फोड टणक असतात, खोल असतात. हे वरच्यावर आहेत, बोटानं सरकतात. आणि तोंड तर चार महिन्यांपासून आलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते."

"मग शिकवा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बाई, मी एक केस सोडली आणि ती देवी निघाली, तर अख्खा तालुका माझ्या डोक्यावर. रिपोर्ट येऊ द्या."

त्यांचंही खरं होतं. पण त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडीचा आवाज आला.

ते अकरा दिवस चालणार आहे हे आम्हांला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बरं झालं असतं. एक-दोन दिवसांत सुटू असं रोज वाटे, आणि रोज संध्याकाळ होई. वर सिमेंटचे पत्रे, जूनचं ऊन, पाऊस नाही. पुढच्या खोलीला एक खिडकी, मागच्या खोलीला उंचावर झरोका. मागं छोटं अंगण आणि संडास, त्यांच्याभोवती डोक्याएवढी भिंत. भिंतीपलीकडं रूळ. गाड्या शंटिंग करत, त्यांचे धक्के फरशीतून पायांना कळत. मी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाई, मागच्यातून पुढच्या. एकोणीस पावलं. पहिल्या दोन दिवसांत अख्ख्या कॉलनीला लस टोचून झाली. पोरं रडल्याचे आवाज येत आणि त्या प्रत्येक आवाजासाठी लोक आम्हांला बोल लावत असतील, असं मला वाटत राही.

पहाऱ्याला एक म्हातारे गृहस्थ होते, कासुर्डीचे. रात्री दुसरा कुणी असे, पण दिवसा तेच. दारापुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसत. मी त्यांना आप्पा म्हणू लागले. ते रोज दोन वेळा नळावरून बादली भरून उंबऱ्याशी ठेवत आणि बाजूला होत. त्यांच्या गावात त्यांच्या घरच्या पाण्याला माझ्या आईचा हात लागू दिला नसता. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. इथं ते तिच्यासाठी पाणी भरत होते. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आईची पाठ चादरीला चिकटली. मी तिला उठवलं आणि चादरीबरोबर तळहाताएवढी कातडी निघून आली. ती ओरडली नाही. तिनं माझ्या दंडात नखं रुतवली. मी ती चादर हातात घेऊन उभी राहिले, आणि मला ते छायाचित्र आठवलं. त्याच पुस्तकात, त्याच प्रकरणात, खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: एका फोडांच्या आजारात कातडीच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. नाव होतं, पेम्फिगस. त्या ओळीवरून मी शंभरदा पुढं गेले होते. पेशी धड असतात, मेलेल्या नसतात. फक्त त्यांना एकमेकींना धरता येत नाही.

मला जे कळलं ते सांगायला कुणी नव्हतं. पुस्तक शिरूरला, मायक्रोस्कोप शिरूरला, आणि मी कडीच्या आत.

"आप्पा," मी खिडकीतून म्हणाले, "आईला झोपवायचं कशावर? कापड चिकटतंय."

त्यांनी विचार केला. "आमच्याकडं कुनी भाजलं तर केळीच्या पानावर निजवत्यात. पान चिकटत न्हाई."

"मिळतील?"

"बघतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावाहून सायकलला केळीच्या पानांचा भारा बांधून आले. मी पानं धुतली, गोडं तेल लावलं, खाटेवर अंथरली. त्या दिवशी आई पहिल्यांदा दोन तास सलग झोपली. पुढं पुण्याच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आम्हीही हेच करतो, तुम्हाला कुणी सांगितलं?

खाण्याचे मात्र हाल होते. तिला घोट गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. पाचव्या दिवशी आप्पांनी खिडकीत एक तांब्या ठेवला. थंड ताक होतं, मीठ न घातलेलं.

"शेजारच्या बाईनं दिलंय," ते म्हणाले. "सांगू नगा म्हनाल्या."

आरोग्य खात्याला कुणी कळवलं होतं हे मला तोवर समजलं होतं. मी तो तांब्या तसाच परत ढकलला. आईनं आतून विचारलं, "काय हाय?" मी सांगितलं. म्हणाले, "त्यांनीच कळवलं आपलं नाव. त्यांच्यामुळं आपण अशा पडलोय."

"बरं केलं तिनं," आई म्हणाली. "तिच्या घरात लेकरं हायेत. मी बी तेच केलं असतं. आन ते ताक."

मी ताक आणलं. ते ती चमच्याचमच्यानं प्यायली. माझा राग मात्र गेला नाही. तो जायला मला वर्षं लागली.

मुलाखत आठव्या दिवशी होती. सहाव्या दिवशी सुपरवायझर आले तेव्हा मी विनवलं, एक दिवस जाऊ द्या, मला तर लहानपणी टोचलेलं आहे. नाही म्हणाले. मग निदान पत्र टाकू द्या. तेही नाही, या घरातला कागद बाहेर जायचा नाही. रिपोर्ट का येत नाही, असं विचारलं तर म्हणाले, नमुने दिल्लीला जातात, तिथं ढीग पडलाय.

ते गेल्यावर मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. रडले नाही. मला आईचा राग आला होता. ती आजारी पडली याचा नव्हे. ती निजली होती आणि मी जागी होते याचा. पत्र्याखाली तापलेल्या त्या खोलीत मला वाटलं, मी इथून कधीच निघणार नाही. अकरा दिवसांचं मी म्हणत नाहीये. आयुष्याचंच.

आप्पांनीच सुचवलं, हिवतापाचा माणूस येतो, त्याला विचारा. रेल्वेच्या दवाखान्यात हिवतापाच्या रक्ताच्या काचा तपासणारे एक गृहस्थ होते. मध्यमवयीन, कमी बोलणारे. ते खिडकीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि मी बाहेर न गेलेलं पत्र तोंडी सांगितलं. त्यांनी ते आपल्या अक्षरात, आपल्या कागदावर लिहून घेतलं.

"घरी संसर्गजन्य रोगाचा संशय असल्यामुळे," मी सांगत होते.

त्यांनी पेन थांबवलं. "संशय कुणाला? तुम्हाला?"

"मला नाही."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

आठवडाभरात मला हे विचारणारा तो पहिला माणूस. मी सगळं सांगितलं. पेशींचं सुटणं, ते ठिपके, ती बारीक अक्षरातली ओळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुटलेल्या पेशी काचेवर दिसतील?"

"दिसायला हव्यात. फोडाचा तळ खरवडला तर. एकेकट्या, गोल झालेल्या."

"मी रोज दीडशे काचा बघतो," ते म्हणाले. "आणखी एक बघीन."

दुपारी ते दोन काचा घेऊन आले. आप्पा त्या वेळी मुद्दाम नळावर गेले, असं मला वाटतं. मी ब्लेड उकळलं, आईच्या छातीवरचा एक ताजा फोड उघडला, त्याचा तळ अलगद खरवडला आणि काचेवर पसरला. माझे हात स्थिर होते. रोज बेडकाची कातडी हाताळणारी मी. पण ही छाती कुणाची आहे हे मी त्या दोन मिनिटांत मनाबाहेर ठेवलं, आणि ते मला जमलं याची नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. काच वाळवली. त्यांनी ती बाहेर स्पिरिटात बुडवून नेली.

संध्याकाळी ते कागदाचा चिटोरा घेऊन आले. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं होतं: सुटे गोल, प्रत्येकात मोठं केंद्रक, भोवती गडद कडा. कुठलाही गोल दुसऱ्याला टेकलेला नव्हता.

"असं दिसलं," ते म्हणाले. "सगळीकडं असंच. जिथं जिथं बघितलं तिथं."

जे बघण्यासाठी मी पुण्याला जाणार होते, ते माझ्या आईच्या अंगातलं निघालं, आणि ते मला दुसऱ्याच्या पेन्सिलीतून बघावं लागलं. मी तो चिटोरा हातात घेऊन जमिनीवर बसले.

त्यांनी काच रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवली. तोवर इकडं न फिरकलेले डॉक्टर दहाव्या दिवशी आले आणि थेट आत, खाटेपर्यंत आले. त्यांनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा टेकवून सरकवला. कातडी अंगठ्याबरोबर सरकली, ओल्या कागदासारखी. मग आईला म्हणाले, "आजी, माझी चूक झाली. मी आधीच आत यायला हवं होतं."

आई म्हणाली, "भ्यावंच लागतं, साहेब."

त्यांनी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाला चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी दिल्लीचा रिपोर्टही आला, देवी नव्हती. सुपरवायझरांनी स्वतः कडी काढली. आप्पांनी खुर्ची उचलली, म्हणाले, "येतो, बाई. जपा आईला." ते मला पुन्हा भेटले नाहीत.

पुण्याला आईच्या कातडीचा तुकडा काढून तपासला. तिथले डॉक्टर तरुण होते, त्यांनी मला बसवून समजावलं. शरीर स्वतःच्याच कातडीतल्या जोडांविरुद्ध काहीतरी तयार करतं, असं आता दिसायला लागलंय, ते म्हणाले. का करतं, कुणाला माहीत नाही. उपाय एकच, स्टेरॉइडच्या गोळ्या. पूर्वी या रोगाचे जवळजवळ सगळे रोगी मरत, आता जगतात.

"किती दिवस घ्यायच्या?" मी विचारलं.

"दिवस नाही सांगता येणार," ते म्हणाले. "कमी करत जाऊ. बंद केल्या की बहुतेक परत येतो."

तीन आठवड्यांत फोड थांबले. उघड्या जागांवर कडेकडेनं पातळ गुलाबी कातडी सरकत आली. आईनं दोन महिन्यांनी भाकरी चावून खाल्ली. पण तिचा चेहरा चंद्रासारखा सुजला, मानेवर चरबी चढली, रक्तात साखर आली. डबे धुण्याचं काम तिला जमेना. क्वार्टर सोडावं लागलं आणि मी तिला शिरूरला माझ्या एका खोलीत आणलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं होतं: जागा भरली, पुढच्या वर्षी अर्ज करा. पुढच्या वर्षी मी अर्ज लिहिला. गोळी एका नेमानं द्यायची, लघवीतली साखर तपासायची, एखादा फोड आला की त्याच दिवशी गोळी वाढवायची. हे सोडून मी पुण्यात दिवसदिवसभर अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढं कशी बसणार होते? अर्ज पाकिटात घातला, तिकीट लावलं, आणि तो माझ्या ट्रंकेत तसाच राहिला.

एकदा रविवारी मी आईची पाठ पुसत होते. नवा फोड नाही ना, ते रोज बघावं लागे. ती म्हणाली, "माझ्यामुळं अडकलीस तू."

दुसरी एखादी मुलगी नाही म्हणाली असती. मला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही.

"हो," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मी बी अडकलेच हाय की. तुझ्यापाशी." आणि मग, "खांद्याखाली जोरात पुस. खाज येतीय."

ती आणखी पाच वर्षं जगली. दोनदा रोग उलटला, दोनदा आटोक्यात आला. शेवटी फोडांनी नव्हे, न्यूमोनियानं गेली. गोळ्यांनी अंगातली ताकदच ओढून घेतली होती. मावशी दौंडहून मातीला आल्या. माझ्या शेजारी बसून राहिल्या, माझा हात त्यांनी हातात घेतला होता. मी तो काढून घेतला नाही.

कॉलेजात मी पुढं बरीच वर्षं शिकवलं. पेशींच्या सांध्यांच्या तासाला टिचबटणांचं उदाहरण मी द्यायचं सोडून दिलं होतं. फळ्यावर ठिपक्यांची जोडी काढायची, धागे काढायची, आणि सांगायची की ही जोडी तुटली तर काय होतं. मुलं विचारत, बाई, तुम्ही हे प्रत्यक्ष बघितलंय का? मी म्हणायची, जोडी नाही बघितली. तुटलेली बघितली आहे.